डावा दिवा

नेव्हिल स्क्रू ओठांत धरायचे, खिशात कधीच नाही. चहाचा शेवटचा घोट ठेवायचे आणि तो खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत ओतायचे. दाराला कुलूप लावलं की ओढून बघायचे, फाटकापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा ओढायचे. स्वतःच्या गाडीतून उतरतानाही मागे वळून रिकाम्या सीट बघायचे, कुणी छत्री विसरलंय का ते. भीती वाटली की शिट्टी वाजवायचे. सूर धड नसायचा.

नेव्हिल टनिक्लिफ माझे शेजारी. इंग्लंडातल्या लीक गावात आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. त्यांनी आयुष्यभर बस चालवली, लीक ते हॅन्ली आणि परत. कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या गॅरेजात गाडी बांधायला घेतली. दोन सीटची, बिनटपाची. सांगाडा आणि सुटे भाग खोक्यांतून आले, इंजिन एका मोडीत निघालेल्या गाडीतून. असा एखादा गाडी बांधणारा आमच्याकडे दर दोन गल्ल्यांआड सापडतो. अशांच्या बायका गाडीला सवत म्हणतात.

ग्लेनिस, नेव्हिलची बायको, म्हणायच्या, "खरी सवत असती तर निदान भांडी तरी घासली असती."

गाडी कशासाठी होती ते सगळ्यांना माहीत होतं. सरकारी तपासणीत पास झाली, नंबर मिळाला, की ग्लेनिसना शेजारी बसवून लँडुडनोला समुद्रावर जायचं. लग्न झाल्यावर दोघं तिथे बसने गेले होते. नेव्हिल सगळा रस्ता ड्रायव्हरकडे बघत होते, असं ग्लेनिस अजून सांगतात.

मी साहित्याची पदवी घेऊन गावी परत आले होते. दुपारी वाचनालयात काम करायचे. सकाळ रिकामी असायची. एकदा भिंतीपलीकडून ड्रिलचा आवाज आला आणि मी बघायला गेले.

"साहित्य शिकलीस म्हणजे टॉर्च धरता येत असेल," नेव्हिल म्हणाले.

"सरळ धरता येईल याची खात्री नाही."

"वाकडा धर. माझं कामही तसंच आहे."

काम तसं नव्हतं. फायबरच्या अंगाला भोक पाडायचं तर आधी ते चिकटपट्टी लावायचे, तिच्यावर पेन्सिलीने खूण करायचे, मग ड्रिल उलटं फिरवून वरचा चकचकीत थर हळूच खरवडायचे. सुलटं फिरवलं तर त्या थराला तडा जातो, आणि तडा गेला की तो पसरतच जातो. भोक पडलं की कड घासायची. तपासनीस कुठेही हात फिरवील, त्याच्या बोटाला धार लागता कामा नये. भुकटी अंगाला खाजायची. मी घरी जाऊन हात थंड पाण्यात धरून बसायचे.

नाक बसलं. बॉनेट बसलं. चारही चाकांवर मडगार्ड चढले. आतापर्यंत ते हाडांचं जनावर होतं, आता त्याला चेहरा आला. मग दिवे आले.

त्या दिवशी नेव्हिल गाडीच्या मागे गुडघ्यावर बसले होते. दोन्ही मडगार्डांच्या बरोबर मध्ये, नंबरपट्टीवरचा दिवा आवळत. मी ड्रायव्हरच्या सीटवर होते.

"पोरी, दोन्ही इंडिकेटर एकदम लाव."

मी बटण दाबलं. टिकटिक सुरू झाली.

"उजवा लागला. डावा नाही."

मी उतरून मागे गेले. डावा दिवा लागत होता, विझत होता. त्याचा पिवळा उजेड नेव्हिलच्या बाहीवर पडत होता.

"लागलाय की," मी म्हणाले.

त्यांनी मान वळवली. "हां. आत्ता लागला." मग पुन्हा कामाकडे वळत, "कधी लागतो, कधी नाही. अर्थिंग."

लोखंडी गाडीत वीज गाडीच्या अंगातूनच परत जाते. फायबरमधून जात नाही, म्हणून दर दिव्याला परतीची वेगळी तार द्यावी लागते. ती कुठे सैल राहिली की दिवे लहरी होतात. त्यामुळे या मंडळींत काहीही बिघडलं तरी पहिला संशय अर्थिंगवर. नेव्हिलनी डाव्या दिव्याची तार काढून नवी घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी दिवाच बदलला. पुन्हा तेच. मध्ये बसून समोर बघत ते म्हणायचे नाही, मान वळवली की म्हणायचे हो. प्रत्येक वेळी उजेड त्यांच्या बाहीवर असायचा.

शेवटी रॉय मचिन मीटर घेऊन आला. रॉय त्यांच्या गाडी बांधणाऱ्यांच्या क्लबातला, स्वतःच्या तीन गाड्या बांधलेला. त्याने सगळ्या तारा तपासल्या, दिवा बराच वेळ चालू ठेवला, मडगार्डवर बुक्की मारून बघितली. दिवा अडखळला नाही.

"तार नवी, टोक नवं, दिवा नवा," रॉय म्हणाला. "आता तुझंच अर्थिंग तपासतो. बूट काढ."

नेव्हिल हसले नाहीत. शिट्टी वाजवू लागले.

रॉय गेल्यावर मी नेव्हिलच्या जागी, त्यांच्यासारखी गुडघ्यावर बसून समोर बघितलं. मान न वळवता मला दोन्ही दिवे दिसत होते. कुणालाही दिसले असते.

मग मला नको तिथे नको ते दिसायला लागलं. गॅरेजच्या दाराच्या डाव्या चौकटीला त्यांचा खांदा लागायचा. रंग तेवढाच घासला गेला होता. सकाळी ग्लेनिस ओटची धिरडी आणायच्या, आत चीज आणि बेकन घातलेली, सोबत चहा. त्या कप नेव्हिलच्या डावीकडून उचलून उजवीकडे ठेवायच्या. का, ते त्यांनाही माहीत नसावं. हाताला सवय लागली असावी.

शनिवारी नेव्हिल मला त्यांच्या रोजच्या गाडीतून बाजारात सोडायला आले. चौकात डावीकडे एक बाई सायकलवर होती. नेव्हिलनी गाडी डावीकडे घेतली. तिला जागा सोडली नाही, वेग कमी केला नाही. तिने हाताने आमच्या काचेवर थाप मारली तेव्हा ते दचकले. मी मागे बघितलं. ती फुटपाथला पाय टेकून उभी होती, तोंड पांढरं पडलेलं.

"काय झालं?" नेव्हिल म्हणाले.

"ती सायकलवाली."

"कुठली सायकलवाली?"

ते शिट्टी वाजवायला लागले आणि मध्येच थांबले. बाजारात मी उतरलेच नाही. आम्ही तसेच परत आलो, अगदी सावकाश, आणि डावीकडे मी बघत होते.

गॅरेजात ते बॉनेटखाली वाकले. तिथून बोलणं त्यांना सोपं जात असावं.

"माझ्या बापाला काचबिंदू होता. एका बाजूने पडदा सरकत यायचा. शेवटी खिडकीशी बसायचा आणि दार वाजलं की विचारायचा, कोण आलं. आम्ही पोरं मुद्दाम गप्प राहायचो."

"तुम्ही डोळे दाखवलेत?"

"दाखवले की लायसन्स जातं."

"आणि नाही दाखवले तर?"

ते पान्याने काहीतरी आवळत होते. जे आधीच आवळलेलं होतं.

"मला वाटलं अर्थिंग आहे," ते म्हणाले. "देवाशपथ. दिवा बदलेपर्यंत तसंच वाटत होतं."

"आणि आता?"

"आता टेस्ट होऊ दे. एकदा समुद्र. परत आलो की मीच फोन करतो."

"ग्लेनिस कुठे बसणार?"

त्यांनी ओठांतला स्क्रू काढून हातात घेतला. "दोनच सीट आहेत, पोरी. एक माझी."

"मग मी त्यांना सांगणार."

"सांगू नकोस असं म्हणत नाही. पण मला आधी सांगू दे. उद्या विमानतळावर ब्रेक आणि स्पीडोमीटर बघायचा आहे. तिथे रस्ता नाही, माणूस नाही. संध्याकाळी सांगतो तिला."

"उद्या डाव्या सीटवर मी बसणार."

"बस."

त्यांनी रोजच्या गाडीची किल्ली खिशातून काढून माझ्याकडे दिली. संध्याकाळी ते पाव आणायला चालत गेले. मी खिडकीतून बघत होते. ते भिंतीच्या कडेने, डावा हात किंचित पुढे धरून चालत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ग्लेनिस पलीकडे रेडिओ ऐकत होत्या. भिंतीतून त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

विमानतळ म्हणजे युद्धातली जुनी धावपट्टी. आता ती शेतकऱ्याची आहे, कडेला काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले गवताचे गठ्ठे रचलेले असतात. क्लबातल्या लोकांना तो रविवारी गाडी फिरवू देतो. रॉयने आपल्या गाडीमागे ट्रेलर लावून नेव्हिलची गाडी आणि आम्हा दोघांना तिथे आणलं. ग्लेनिस येणार नव्हत्या. पण निघताना रॉयच्या गाडीत पुढे त्या बसलेल्या दिसल्या, मांडीवर डबा.

"नवऱ्याची पहिली फेरी आहे," त्या म्हणाल्या. "मी घरी बसून काय करू?"

नेव्हिलनी माझ्याकडे बघितलं नाही. धावपट्टीवर उतरल्यावर म्हणाले, "ग्लेनिस, तू त्या शेडपाशी थांब. तिथून हलायचं नाही."

"मला काय बस समजलास? थांब म्हटलं की थांबायला?"

रॉय हसला. मी बसले. पट्टा आवळला.

पहिली फेरी हळू झाली. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं, पण मी पापणी मिटत नव्हते. दुसऱ्या फेरीला त्यांनी वेग घेतला, ब्रेक दाबला, गाडी सरळ उभी राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद कधी बघितला नव्हता. आणि मला त्याचीच भीती वाटली. हा माणूस आज संध्याकाळी काही सांगणार नाही, असं मला वाटून गेलं.

तिसऱ्या फेरीला आम्ही गठ्ठ्यांच्या ओळीकडे आलो. ओळीच्या टोकाला ग्लेनिस बाहेर आल्या. आम्ही परत येतोय, थांबणार, असं त्यांना वाटलं असावं. हातात डबा होता. त्या डावीकडून धावपट्टीवर आल्या आणि हात वर केला.

नेव्हिल समोर बघत होते. अगदी शांत.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. नेव्हिलनी कुठे बघायचं ते न विचारता ब्रेकवर पाय दिला. बसवाल्याचा पाय. गाडी घसरली, मागून वळली, रबराचा वास आला. थांबली तेव्हा डाव्या मडगार्डची कड ग्लेनिसच्या कोटाला टेकलेली होती. टेकलेली म्हणजे टेकलेली. कापड दबलं होतं. डबा खाली पडून उघडला होता.

इंजिन बंद पडलं होतं. रॉय शेडकडून धावत येत होता.

"धूर डोळ्यांत गेला असेल," ग्लेनिस म्हणाल्या. त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"धूर नव्हता."

"मग ऊन."

"ऊनही नाही, ग्लेनिस." ते समोरच बघत होते. "मला तू दिसली नाहीस. आत्ताही दिसत नाहीयेस. तुझा आवाज येतोय."

ग्लेनिस तिथेच उभ्या राहिल्या. मग गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेल्या, नेव्हिलच्या अगदी जवळ.

"आता?"

"आता दिसतेस."

"कधीपासून?"

"वसंतापासून. मला वाटलं अर्थिंग आहे."

"मूर्ख माणसा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

नेव्हिल उतरले. मागे वळून सीट बघितल्या नाहीत. रॉयच्या गाडीत मागे जाऊन बसले, दार स्वतः लावून घेतलं. परतीच्या रस्त्यावर ग्लेनिस त्यांच्या उजवीकडे होत्या. मी पुढे बसले होते. कुणी शिट्टी वाजवत नव्हतं.

सोमवारी त्यांनी स्वतः फोन केला. आधी डोळ्यांच्या दवाखान्यात, मग लायसन्सवाल्यांकडे. भिंतीतून त्यांचा आवाज ऐकू येत होता, नाव सांगताना, जन्मतारीख सांगताना. आवाज साधा होता. त्यानंतर पलीकडून काहीच ऐकू आलं नाही.

आज ग्लेनिसनी मला बोलावलं. नेव्हिल झोपले होते. दुपारचे झोपायची त्यांना सवय नाही. गॅरेजचा दिवा चालू राहिलाय का बघ, म्हणाल्या. मी गेले. दिवा बंद होता.

गाडी भिंतीकडे तोंड करून उभी आहे. हेडलाइटचा झोत कुठे पडायला हवा ते दाखवायला भिंतीवर चिकटपट्टीच्या दोन फुल्या आहेत. उजवा दिवा त्यांनी शनिवारी संध्याकाळी, पाव आणल्यावर, फुलीवर आणून बसवला. डाव्याचं कडं रविवारी जागेवर होतं, आता काढलेलं आहे. आतला झोत हलवायचा स्क्रू अर्धा फिरवलेला, त्यात स्क्रूड्रायव्हर तसाच अडकवून ठेवलाय.