सुलोचना राईस मिलची कॅडिलॅक

उदेभानजींचा जावई म्हणजे गोंदियातला सगळ्यात सुखी माणूस, असं सारा धान्यबाजार म्हणतो. म्हणेना का! बाजाराच्या तोंडाला कोण हात लावणार? खुशालला मात्र विचारायला जाऊ नका. तो "बरं आहे" म्हणेल आणि पुन्हा धानाच्या नमुन्यात बोटं घालून बसेल.

खुशाल मूळचा जवळच्याच कामठा गावचा. उदेभानजींना गुंजन ही एकच मुलगी आणि मिल सांभाळायला मुलगा नाही, म्हणून तिचं लग्न लावून त्यांनी नवरदेवच घरी आणला. मिलला उदेभानजींच्या बायकोचं नाव होतं. पुढे सुलोचनाबाई वारल्या, पण फाटकावर, पोत्यांवर, ट्रकवर त्यांचं नाव राहिलं. म्हातारा रोज सकाळी फाटकावरच्या नावाला हात जोडतो.

घरजावयाचा छळ झाला असता तर निदान भांडून निघून तरी जाता आलं असतं. इथे छळ कोणी करतच नाही हो, हीच तर पंचाईत! ताटात पहिली वाढ त्याची. नवा शर्ट हवा म्हटलं की कापडवाला चार थान घेऊन ऑफिसात हजर. आईला भेटून येतो म्हटलं की सासरे म्हणणार, "कायले त्रास घेता, जवाईबापू? बोलेरो पाठवतो, मायलेच घेऊन येते." आणि माय येतेही बिचारी, पाहुण्यासारखी सोफ्याच्या काठावर बसते. असं सगळं जग खुशालच्या खुर्चीपाशी येतं. खुशाल कुठे जात नाही.

त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं. माडीवरच्या मागच्या खोलीत तो जुन्या अमेरिकन मोटारींची मॉडेलं बांधायचा. खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की खऱ्या मोटारीच्या पंचविसाव्या हिश्शाची मोटार उभी राहते. हा नाद असलेल्यांचा फोनवर एक ग्रुप होता, त्याचं नावच 'एकास पंचवीस'. आणि या वर्षी त्या ग्रुपवर नुसता धिंगाणा सुरू झाला. एकोणीसशे एकोणसाठच्या कॅडिलॅकचं नवं मॉडेल बाजारात आलं होतं! लांबलचक मोटार, मागे दोन उंच पंख, पंखांत लाल दिवे. भिलाईच्या एका डॉक्टरने खोका उशाशी घेऊन झोपल्याचा फोटो टाकला. खरा गुलाबी कोणता, यावरून दोन टकलू गृहस्थांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. मग ठरलं, की प्रत्येकाने हीच गाडी बांधायची आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी नागपूरला घेऊन यायची.

ग्रुपमधल्या नागपूरच्या ओमेशने फोन केला. "या वेळी येच बे. ग्रुपवर सगळे विचारून राहिले, खुशाल नावाचा मानूस खरंच हाय का नाही!"

खुशालने धीर करून सासऱ्यांना विचारलं. म्हातारा बहुधा खुशीत होता, चक्क "जाऊन या" म्हणाला. खुशालला आधी खरंच वाटेना. एकट्याने सकाळची गाडी पकडायची, खिडकीशी बसायचं, आणि जिथे त्याला कोणी उदेभानजींचा जावई म्हणून ओळखत नाही तिथे एक अख्खा दिवस काढायचा. हे सुख इतकं मोठं होतं की त्याला झोप येईना.

कॅडिलॅक त्याने गुलाबीच केली. मिलच्या आवारात रंगकाम म्हणजे डोक्याला ताप. धुराड्याची राखड आणि कोंडा घराच्या फटीफटीतून आत येतो आणि ओल्या रंगावर बसतो. म्हणून हा पठ्ठ्या पलंगावर ओली मच्छरदाणी लावून, आत मांडी घालून, घामाने निथळत ब्रश मारायचा. गुंजन बाहेरून हसायची, "मच्छर कोनता पकडला, मलेबी दाखवा!" पण रंग असा उतरला की त्यात तोंड दिसावं.

दसऱ्याच्या सकाळी तो झेंडूचे हार आणायला बाजारात गेला. परत आला तेव्हा आवारात नेहमीसारख्या गाड्या धुऊन रांगेत उभ्या होत्या. दोन ट्रक, ट्रॅक्टर, बोलेरो, गुंजनची स्कूटी. आणि रांगेच्या शेवटी पाटावर त्याची कॅडिलॅक.

तीही धुतलेली. पंखांवर हळदकुंकवाची बोटं. आणि बॉनेटवर, पिवळ्या ऑईलपेंटने, लाल किनारीसकट: सुलोचना राईस मिल, गोंदिया. मंगरू पेंटर दर दसऱ्याला घरच्या गाड्यांवरचं नाव नवं करायचा. या वेळी त्याला एक गाडी जास्त होती.

"या जवाईबापू!" उदेभानजी हरखून गेले होते. "कायले लपवून ठेवता जी? घरची गाडी, घरच्या गाड्यांत उभी राहीन. मंगरूले म्हटलं, अक्षर बारीक काढ, पर नाव पुरं पायजे. तुमची सासू असती तर पोरीवानी नाचली असती." बोलता बोलता म्हाताऱ्याने उपरण्याने डोळे पुसले.

थिनरने अक्षरं गेली असती, पण त्यांच्यासोबत खालचा गुलाबीही गेला असता. आणि गेला नसता तरी काय? या माणसासमोर ते नाव पुसायला हात कुठला आणायचा! खुशालला ओरडावंसं वाटलं. तो म्हणाला, "छान काढलं."

"आता रविवारी सगळेच जाऊ नागपूरले! बोलेरो काढतो. तुमच्या दोस्तायलेबी दिसू द्या कोनाची गाडी हाय ते."

रात्री गुंजन हळूच म्हणाली, "तुमाले एकट्यालेच जायचं होतं न? मंग सांगा न बाबाले."

"काय सांगू? तुमी नोका येऊ म्हनून?"

"हो, तसंच सांगा. ते काही खात नाहीत तुमाले."

ती खरं बोलत होती. एवढं एक वाक्य तर होतं. खुशालने ते मनात जुळवलं आणि खाली गेला. म्हातारा बोलेरोच्या सीटवर नवं कव्हर चढवत होता. खुशाल टॉर्च धरून उभा राहिला, कव्हर चढलं, आणि तो तसाच वर आला.

शनिवारी त्याने ओमेशला ताप आल्याचं कळवलं आणि घरी सांगितलं की कार्यक्रम रद्द झाला. म्हातारा इतका हिरमुसला की खुशाललाच त्याची समजूत काढावी लागली.

रविवारी तो ऑफिसात बसला. कॅडिलॅक आता तिथल्याच काचेच्या कपाटात होती. दुपारी फोनवर फोटो येऊ लागले. निळी, काळी, गुलाबी, पांढरी, टेबलभर कॅडिलॅक, आणि मागे दात काढून हसणारे ते सगळे. खुशाल एकेक फोटो मोठा करून बघत राहिला.

तेवढ्यात उदेभानजी एका व्यापाऱ्याला घेऊन आत आले. त्यांनी कौतुकाने जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाहा गा, सुट्टीच्या दिवसीबी मिलमंधी बसून हायेत. मी तर म्हनलोबी नाही, बसा म्हनून."

आणि ते खरंच होतं. त्या रविवारी त्याला कोणीच बसवलं नव्हतं.