सिस्टर रोझलिन यांची लाल वही

"खरं लिवा व पोरींनो! गोड लिवाले हे काय मिठाईचं दुकान हाय?"

असं ओरडतच सिस्टर रोझलिन वर्गात शिरायच्या आणि लाल कापडी बांधणीची जाडजूड वही टेबलावर आपटायच्या. बाई मूळच्या केरळच्या. पण राळेगावजवळच्या आमच्या कॅथलिक मिशनच्या शाळेत पोरींकडूनच मराठी शिकलेल्या, त्यामुळे अस्सल वऱ्हाडी बोलायच्या. शाळेचा इतिहास त्यांनी स्वतः कधी लिहिला नाही. दरवर्षी दहावीच्या एका पोरीने त्या वहीत वर्षाचा इतिहास लिहायचा, चुकांसकट, असा त्यांचा कायदा.

मी दहावीत होते त्या वर्षी शाळेचा खो-खोचा संघ पहिल्यांदाच जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला. यवतमाळला जायचं! मी तर जेवतानाही धाकट्या बहिणीला खो द्यायची. आणि नेमकं मलाच सिस्टरांनी संघातून काढलं. कारण काय, तर सकाळच्या सरावाला रोज उशीर. मी आईबरोबर कापूस वेचून मग धावत यायची. त्यांनी विचारलं नाही आणि मीही अकडून सांगितलं नाही. एका गुणाने आम्ही हरलो.

त्या वर्षीचं पान लिहायला सिस्टरांनी मलाच बसवलं. मी रागारागाने लिहिलं, 'आम्ही सिस्टरमुळे हरलो. त्यांनी मला कारण विचारलं नाही.' वाचून त्या लालबुंद झाल्या. मला वाटलं, आता पान फाटतंय आणि माझी शाळाही सुटतेय. त्यांनी चष्मा पुसला आणि पानाखाली सही केली.

"बराबर लिवलं. मले माफ कर, कमल."

दुसऱ्या दिवसापासून सराव दुपारी होऊ लागला.

यंदा शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. मी आता तिथेच खेळाची शिक्षिका आहे. मंडप गच्च भरलेला, बँड वाजतोय, जुन्या मैत्रिणी गळ्यात पडताहेत, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पोरींचा अंतिम सामना! मी नुसती नाचत होते. ऐंशीच्या घरातल्या सिस्टर काठी टेकत माइकपाशी आल्या आणि त्यांनी माझंच पान अख्खं वाचून दाखवलं, स्वतःच्या सहीसकट. टाळ्या थांबेनात. मी तर उभी राहून गळ्यातली शिट्टीच फुंकली.

"कमल," सिस्टर माइकवरूनच म्हणाल्या, "यंदाचं पान कोरं हाय. तू बी आता मास्तरीण. कोनाले काढलं का संघातून?"

शिट्टी माझ्या तोंडातून गळाली. "दहावीतल्या पूजाले. सरावाले उशिरा येते रोज."

"काहून येते?"

मला माहीत नव्हतं. सगळ्या मंडपासमोर मला माहीत नव्हतं! मी तशीच खुर्च्यांमधून वाट काढत शेवटच्या रांगेपर्यंत गेले. पूजा मान खाली घालून बसली होती.

"काहून उशीर होते व तुले?"

पूजा उठून उभी राहिली आणि बोलू लागली. तिकडे सिस्टरांनी वहीचं कोरं पान उघडलं आणि पूजासाठी पेनाचं टोपण काढलं.