आईच्या मैदानावरची लेझीम

काल सकाळी शाळेच्या मैदानावर हलगी कडाडली आणि पन्नाशीच्या बायकांनी पदर खोचले. या सगळ्या माझ्या आईच्या विद्यार्थिनी. आईने आयुष्यभर या शाळेत लेझीम शिकवली आणि गेल्या वर्षी ती कर्करोगाने गेली. तिच्या आठवणीसाठी आम्ही कर्करोगावरच्या संशोधनाला निधी जमवायचं ठरवलं, तेव्हा या बायका म्हणाल्या, "मग आम्ही खेळणार!"

पहिल्याच फेरीत निम्म्या चुकल्या. कुणी डावीकडे वाकली, कुणी उजवीकडे. हसण्यात रांगच मोडली. मग एकाएकी सगळ्यांचे पाय जुळले आणि असा छनछनाट उठला, की माझ्या अंगावर काटा आला. माणूस गेल्यावर त्याने शिकवलेलं कुठे जातं, असा प्रश्न मला वर्षभर पडत होता. ते इथे, या मनगटांत आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यांत होतं. हलगीने हाक मारताच धावत आलं.

मी निधीची पेटी घेऊन उभी होते. डोक्याला रुमाल बांधलेली एक अनोळखी बाई गर्दीतून माझ्याजवळ आली.

"माझे उपचार चालू आहेत," ती म्हणाली. "लेझीम येत नाही मला. पण खेळू का यांच्यात?"

"अहो, या ना!"

मी पेटी खाली ठेवली. एक लेझीम तिच्या हातात दिली, एक मी घेतली. आम्हाला पाहून हलगीवाल्याने ताल संथ केला. तिने पाऊल टाकलं, चुकली, खळखळून हसली आणि त्याला ओरडून म्हणाली, "हळू कशाला? वाजवा जोरात!"