शिंप्याचे अकरा गुण

“चुकीचं उत्तरसुद्धा मनापासून लिहावं,” असं बाई नेहमी म्हणायच्या. कॉलेजात पहिल्या वर्षाला त्या पृथ्वीविज्ञान शिकवत आणि परीक्षेचे प्रश्नही त्याच काढत. एक प्रश्न, खाली चार उत्तरं, त्यांतलं एक खरं. ऐकायला सोपं. पण खरं उत्तर कुणीही लिहील. उरलेली तीन लिहिताना कस लागतो.

एका वर्षी त्यांचा प्रश्नसंच दोनदा परत आला होता. न शिकलेलाही अंदाजानं पास होईल, असा विभागप्रमुखांचा शेरा. तिसऱ्यांदा आला असता तर अठरा वर्षांचं हातचं काम दुसऱ्याकडे गेलं असतं.

बाईंचे यजमान शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन. दगडाशी त्यांचा संबंध ठेच लागण्यापुरता. तरी परत आलेला दुसरा संच त्यांनी गंमत म्हणून सोडवला आणि चाळिसांतले सव्वीस बरोबर आणले. बाईंचं तोंड उतरलं.

“बरोबर उत्तराला तू अस्तर लावतेस,” ते म्हणाले, “बाकीची नुसती टाचून सोडतेस. मापात बसलेलं दिसलं की मी बोट ठेवतो.”

बोलणं झोंबलं, पण खरं होतं. मग तीन आठवडे बाई वर्गात मुलांच्या चुका टिपत राहिल्या. मुलं जे खरोखर धरून बसतात, तेच त्यांनी चुकीच्या उत्तरांत निगुतीनं मांडलं.

संच द्यायच्या दिवशी सकाळी तो आधी यजमानांपुढे ठेवला. डोळे मिटून खुणा केल्या तरी चाळिसांत दहाएक बरोबर येतातच; त्याच्या फार पुढे गेले की संपलं. नवऱ्यानं नापास व्हावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली अशी दुसरी बायको शोधून सापडायची नाही.

अकरा आले.

बाईंना हसू फुटणार, तोच मनात पाल चुकचुकली. यांनी आपल्यासाठी मुद्दाम तर चुका केल्या नसतील? त्यांनी तसं विचारलं मात्र, यजमान उखडलेच. प्रश्नच चुकलेत म्हणाले. जमिनीखाली पाण्याच्या नद्या वाहतात. खडकाच्या बारीक छिद्रांत पाणी साठायला खडक म्हणजे काय फडकं आहे? आणि उन्हाळा येतो तो सूर्य जवळ सरकल्यामुळेच.

“पृथ्वीचा आस कललेला असतो, म्हणून येतो,” बाई हळूच म्हणाल्या.

“कलू दे तुझा आस. पंचावन्न उन्हाळे काढलेत मी. मला शिकवू नकोस.”

एवढा राग काही सोंगाचा नव्हता. बाईंचा जीव भांड्यात पडला. तो संच पुढे परत आला नाही, पण त्यांच्यापुरता निकाल तिथंच लागला होता. त्यांनी कागद पाकिटात घातले, चपला सरकवल्या आणि गल्लीत उतरल्या. कितीतरी दिवसांनी त्यांची चाल सैल पडली होती.

यजमान मशीन सोडून उंबऱ्यात आले. गळ्यात टेप तशीच लोंबत होती. अजून एका प्रश्नावर भांडायचं राहिलं होतं; पण हाक न मारता ते वळणापर्यंत बाईंकडे बघत राहिले.