अनुमोदकाची सही

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता आणि आजही... 'नाही' असंच लिहिणार होतो, पण पेन अडलं. आयुष्यभर सरकारी नोकरी केली. फाईलमध्ये कागद असेल तर गोष्ट आहे, कागद नसेल तर नाही, एवढंच मला कळतं. पंचाईत अशी की या प्रकरणात कागद होता, आणि त्यावर माझीच सही होती.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, सोलापूरची. मी मूळचा मैंदर्गीचा, म्हणजे कानडी बोलीत वाढलेला, नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झालेली. लग्न झालं नव्हतं. सात रस्त्याजवळ भाड्याची खोली आणि खानावळीचा डबा. शनिवारी कचेरीतून निघालो की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही—कुणाशी बोलणार? त्यामुळे महापालिकेची निवडणूक लागली आणि उमेदवारी अर्ज घ्यायच्या टेबलावर माझी नेमणूक झाली तेव्हा मला बरंच वाटलं होतं. निदान माणसं तरी येतील.

एक लांबट हॉल, त्यात माझं टेबल, मागे भिंतीवर घड्याळ, दाराशी एक बाक. दारापलीकडे व्हरांडा आणि त्यापुढे रस्त्यावरचं गेट. टेबलावरून दार दिसायचं, गेट दिसायचं नाही. हे एवढ्या बारकाईनं सांगतोय कारण नंतर मला हे फार वेळा विचारलं गेलं.

नियम साधे होते. उमेदवाराचं नाव मतदार यादीत हवं. त्याचं नाव सुचवणारा एक सूचक आणि त्याला दुजोरा देणारा एक अनुमोदक, दोघेही त्याच वॉर्डाचे मतदार हवेत. तिघांच्या सह्या हव्यात. शेवटच्या दिवशी दुपारी तीनला दार बंद. आमच्या साहेबांनी वर आणखी एक शिस्त घातली होती—एखादी सही राहिली असेल तर ती माझ्या डोळ्यांसमोर व्हायला हवी, आणि शेजारी मी 'समक्ष' असं लिहून सही करायची. मला असल्या शिस्तीची भारी हौस. बरोबरचे लोक मला 'नियमावली' म्हणूनच हाक मारायचे.

मल्लप्पाअण्णा आठवडाभर रोज यायचे. त्यांची पिठाची गिरणी होती. साठीचा माणूस, भुवयांत कायम पीठ. अर्जाचा एकेक रकाना मला वाचायला लावायचे, मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच रकाना घेऊन परत हजर. एकदा मी वैतागून म्हणालो, "अण्णा, कशाला या भानगडीत पडताय?"

"गल्लीत नळ एकच हाय की, साहेब," ते म्हणाले. "मी लई बडबडायचो त्याच्यावरनं. घरातली म्हणायची, नुसतं बोलता, एकदा हुबं ऱ्हाऊन दावा. म्हटलं, ऱ्हातो. छापील कागदावर नाव तरी येऊ दे एकदा."

मी पुढं काही विचारलं नाही. सरकारी टेबलावरून कुणी घरची चौकशी करत नाही.

शेवटच्या दिवशी अडीचला अण्णा आले. सूचक म्हणून शेजारच्या शिंप्यानं सही केली होती, अनुमोदकाची जागा कोरी. एक जुना दोस्त सही करणार होता. सकाळपासून त्याचा पत्ता नव्हता. त्याच वॉर्डातून एक बडी असामी उभी होती आणि दोस्ताला तिकडून निरोप गेला असणार, हे मलाही कळत होतं.

"यील. शब्द दिलाय त्यानं," अण्णा म्हणाले. "अर्ज ऱ्हाऊ द्या हितं. मी गेटावर बघतो."

ते गेले. टेबलाभोवती ही गर्दी. पावणेतीनला गर्दीतून एक बाई सरळ माझ्यासमोर आल्या. पन्नाशीच्या, हिरवं इरकल, कपाळावर विभूती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. भर उन्हातून आल्या होत्या, पण चेहऱ्यावर घामाचा थेंब नव्हता. हे तेव्हा नुसतं दिसलं, सुचलं नंतर.

"त्या अर्जावर माजी सही घ्या की," त्या म्हणाल्या.

नाव विचारलं. गंगव्वा. यादीत बोट फिरवलं तर नाव सापडलं, पुढे नवऱ्याचं नाव मल्लप्पा. मी म्हणालो, "म्हणजे अण्णा तुमचे यजमान?" नवऱ्याचं नाव कसं घेणार... त्यांनी नुसता दाराकडे हात केला. "त्ये काय, उनात हुबं हायेत."

आता माझ्यातली नियमावली जागी झाली. बायकोला अनुमोदक होता येतं का? चाळून बघितलं, मनाई कुठंच नव्हती. मी हसून म्हणालो, "अक्का, घरात रोज विरोध आणि इथं अनुमोदन होय?" त्याही हसल्या. मग टेबलावर वाकून त्यांनी कानडीत सही केली, एकेक अक्षर थांबून. मी शेजारी 'समक्ष' लिहिलं. मी कानडी वाचतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या हळूच म्हणाल्या, "मुंजानिंद ऊटा माडिल्ल्री अवरु." सकाळपासून जेवलेले नाहीत ते. सूर तक्रारीचा होता. जणू मीच त्यांना उपाशी ठेवलं होतं. मी शिक्का मारून वर बघेपर्यंत बाई गेल्या होत्या. गर्दीत कोण कुठं गेलं हे कोण बघतंय!

तीन वाजता शिपाई दार लावायला उठला तेव्हा अण्णा आत आले. तोंड पडलेलं. "न्हाई आला, साहेब. जाऊ द्या."

मी पोच पुढे केली. "झालंय तुमचं काम. घरी जा आणि आधी जेवा."

त्यांना वाटलं, दोस्त गर्दीत त्यांची नजर चुकवून येऊन गेला. पोच कपाळाला लावून ते गेले.

दुसऱ्या दिवशी छाननी. हॉल भरलेला. त्या बड्या उमेदवाराचा वकील उठला आणि म्हणाला, या अर्जावरची अनुमोदक मयत आहे, गेल्या श्रावणात वारली. मृत्यूचा दाखलाच आणला होता त्यानं. यादी जुनी, नाव कमी व्हायचं राहून गेलेलं. साहेबांनी अर्ज बघितला, मग माझ्याकडे.

"समक्ष म्हणून तुमची सही आहे?"

"होय, साहेब."

"तुम्ही ही बाई पाहिली?"

हॉलमध्ये हशा पिकला. साहेब चिडले होते, पण मनानं सज्जन. त्यांनी मला वाट करून दिली—कुणीतरी तोतया बाई उभी केली असेल, तुम्ही घाईत नीट बघितलं नाही, असं म्हणा. तसं म्हटलं असतं तर मी सुटलो असतो आणि अण्णा अडकले असते. मी म्हणालो, "नीट बघितलं, साहेब. बोललोही."

अण्णांना अर्ज दाखवला. ते अर्जाकडे बघतच राहिले. सहीवरून बोट फिरवत कुणालाही न उद्देशून म्हणाले, "पिठात बोट धरून मीच शिकिवली हुती ही."

वकील म्हणाला, हा कबुलीजबाब आहे, सही यांनीच केली. अर्ज फेटाळला गेला. नियमानं दुसरं काही शक्यच नव्हतं, साहेबांच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. मला मेमो मिळाला. उत्तरात मी 'सदर महिला समक्ष हजर होती' एवढंच लिहिलं आणि माझी रवानगी रेकॉर्ड रूममध्ये झाली.

त्या दिवशी बाहेर पायऱ्यांवर अण्णा माझी वाट बघत थांबले होते. मला वाटलं, भांडणार.

"अर्ज गेला तर जाऊ द्या, साहेब. तिनं नेसलं काय हुतं?"

मी सांगितलं. हिरवं इरकल.

"आन बोलली काय?"

तेही सांगितलं, कानडीतच, जसंच्या तसं. ते पायरीवर बसले. "न्हवतो जेवलो. कुणाला बोललो न्हाई. बोलायला हाय कोण घरात?" मग गेटाकडे बघत म्हणाले, "मी गेटावर हुतो की. त्याच दारानं आली असंल ना ती? तुमी कोण तिचे? तुमाला दिसली... मला का न्हाई?"



काही वर्षांनी पुन्हा निवडणूक लागली. माणसं कमी पडली म्हणून मला परत त्याच टेबलावर बसवलं. शेवटच्या दिवशी दोनच्या सुमाराला मल्लप्पाअण्णा आले, खूप वाळलेले. हातात अर्ज, सूचकाची सही झालेली, अनुमोदकाची जागा कोरी. मी विचारलं, "कोण येणार आहे सहीला?"

अण्णा या वेळी गेटावर गेले नाहीत, माझ्या टेबलासमोरच बाक ओढून बसले. थोड्या वेळानं वाकून म्हणाले, "सकाळधरनं जेवलो न्हाई, साहेब. मुद्दाम."

काम बाजूला ठेवून मीही दाराकडे बघत बसलो. आल्यागेल्या प्रत्येक बाईचा चेहरा बघितला. तीन वाजले, शिपायानं दार लावलं. अण्णांनी अर्जाची घडी केली, खिशात ठेवली, मला नमस्कार केला आणि गेले. पुढच्या निवडणुकीला ते आले नाहीत.

ती बाई कोण होती, मला आजही सांगता येत नाही. वकील म्हणतो तशी तोतया असेल? मग तिला अण्णांच्या पोटातलं कसं कळलं? आणि तोतया नसेल तर... तिथं माझी अक्कल संपते.

हे सगळं आता लिहायचं कारण वेगळं आहे. माझी पत्नी जाऊन चार वर्षं झाली. मुलगा परगावी असतो. मला ती कुठं दिसत नाही, तिचा आवाज ऐकू येत नाही, येईल असंही वाटत नाही. पण अण्णांना जमलं नाही ते कुणा परक्याला जमलं होतं, हे मी स्वतः बघितलंय. म्हणून वाचकांना विनंती. चष्मा लावणारी, ठेंगणी, लवकर रागावणारी एखादी बाई तुमच्यापैकी कुणाला कुठं भेटली आणि नवऱ्याच्या खाण्यापिण्याची तक्रार करायला लागली, तर कृपया मला कळवा.

आज दुपारी मी जेवलेलो नाही.