मालक, पाहुणा आणि फेरफार

आधी माझी तक्रार ऐका, मग काय हसायचं ते हसा. चार दिवस मी घसा कोरडा करून सांगत होते, की आपलं विहिरीकडचं एकर हातातून चाललंय. एकाही माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही. ना नवऱ्यानं, ना तलाठ्यानं, ना सख्ख्या नणंदेनं!

आता कुठल्या तोंडानं पुढचं सांगू? पण सांगते. तुम्ही बाहेरून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. वडगाव रासाईत ही गोष्ट आता प्रत्येक ओट्यावर वेगळी सांगतात.

तर आमची सून पल्लवी. कॉम्प्युटर इंजिनियर. पोरगा कुरकुंभला शिफ्टला जातो आन् ही घरातच, मधल्या खोलीत, लॅपटॉप उघडून बसते. सुरुवातीला मी विचारलं, "अगं, तू नेमकं करतेस काय?"

"आत्या, दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासते. चुका काढते."

"नुसत्या चुका काढायच्या?"

"हो."

"आन् त्याचा पगार?"

"हो."

मी कपाळाला हात लावला. हेच काम मी या घरात तीस वर्षं बिनपगारी करतेय!

पण खरं सांगते, पोरगी लई हुशार. हजारो ओळी डोळ्यांखालून घालते. मधेच थांबते. बोटानं एक ओळ दाबून धरते, जशी मी ज्वारीतला खडा धरते तशी. आन् म्हणते, "इथं आहे." मी चौथी शिकलेली बाई. मला त्यातलं अक्षर कळत नाही. पण काम करणाऱ्या माणसाची मान कशी वाकते ते मला कळतं. ती बसली, की मी मिक्सरसुद्धा लावत नाही. नवरा टीव्ही लावायला गेला, की रिमोट माझ्या पदराखाली.

मंगळवारची गोष्ट. मी पडवीत शेंगा फोडत होते. पल्लवी आत फोनवर, दौंडची तिची ऑफिसातली मैत्रीण आहे, तिच्याशी बोलत होती. इंग्रजीत बोलली असती तर हा किस्साच झाला नसता. पण बोलली मराठीत! आन् माझ्या कानावर काय पडलं ते जसंच्या तसं सांगते:

"नवा फेरफार आलाय ना, त्यात घोळ आहे गं. मालकानं पाहुण्याला थेट डिव्हाइस दिलंय, मध्ये कुणी नाही. पाहुणा गेला. त्याची जागा मोकळी केली, दुसऱ्याला देऊन टाकली. पण पाहुण्याचं मॅपिंग तसंच! त्याचं डिव्हाइस अजून त्या जागेत लिहितंय! मी हरकत घेतलीय. पण साहेब म्हणतात असं कधी होतच नाही. शुक्रवारपर्यंत पटवून दिलं नाही, तर फेरफार मंजूर."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

आता तुम्हीच सांगा, शेतकऱ्याच्या घरात फेरफार कशाला म्हणतात? सातबाऱ्यावरचं नाव बदलतं त्याला! हरकत कुठं घेतात? तलाठ्याकडं! आन् मालक कोण? आमच्याकडं बाई नवऱ्याला मालक म्हणते. म्हणजे आमचे हे!

राहिला पाहुणा. पाहुणा कोण ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. आठच दिवसांपूर्वी माझे नंदावे, खुटबावचे आप्पा, चार दिवस राहून गेले होते. आन् सकाळ-संध्याकाळ, मोबाईल हातात धरून, विहिरीकडच्या एकराला बांधाबांधानं चकरा मारत होते! मी या डोळ्यांनी बघितलं होतं. तवा वाटलं, म्हातारा माणूस, फिरतोय. मॅपिंग करत होता मॅपिंग!

मी आत गेले. पल्लवीच्या पाठीशी उभी राहिले. हळूच विचारलं, "पल्लवी, मालकांनी पाहुण्याला खरंच दिलं का गं?"

तिनं वळून बघितलं. चेहरा असा खुलला! म्हणाली, "आत्या, तुम्ही ऐकत होता? हो, दिलं की. थेट."

"मधे कुणाला न विचारता?"

"विचारायचं नाहीच म्हणून तर थेट देतात."

"आन् आता काढून घेता येत न्हाई?"

"येतं हो. पण जागा दुसऱ्याला द्यायच्या आधी काढायला पाहिजे होतं. आता उशीर झाला."

"आन् तू एकटी भांडतीयास?"

"एकटीच आहे, आत्या. शुक्रवारपर्यंत मला कुणी काही विचारू नका हं."

बघा! पोर आमची जमीन वाचवायला एकटी भांडतेय, आन् घरात भांडण नको म्हणून तोंडातून कुणाचं नाव काढत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणलं, असली सून कुणाला मिळते? तू तिकडून भांड बाई, मी इकडून भांडते!

पहिल्यांदा मालकांना गाठलं. गोठ्यात होते.

"आप्पांना काय दिलं?"

"कोणत्या आप्पांना?"

"उगं येड पांघरू नका. खुटबावच्या. जाताना काय दिलं?"

"शेवग्याच्या शेंगा दिल्या की पिशवीभर."

"आन् डिव्हाइस?"

"आता ही कुठली भाजी?"

"मॅपिंग करू दिलं का न्हाई एकराचं? थेट?"

त्यांनी म्हशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आन् म्हणाले, "उन्हाचं फिरू नकोस. लिंबू-पाणी घे जरा."

माणूस असं बोलणं टाळतो कवा? पोटात पाप असतं तवा! माझी खात्रीच पटली.

बुधवारी सकाळी तलाठ्याचं ऑफिस गाठलं. तरुण पोरगाय, भाऊसाहेब म्हणतो आम्ही त्याला. बिचाऱ्यानं आमचा गट नंबर टाकून कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला.

"काकू, तुमच्या गटावर कसलाच फेरफार नाही."

"हाय."

"नाही हो. हे बघा ना."

"तुमच्या कॉम्प्युटरवर नसंल. माझ्या सुनंच्या कॉम्प्युटरवर हाय!"

"सुनेच्या? त्यांच्याकडं कसा येईल?"

"ती तपासती. तिनं हरकतबी घेतलीय. शुक्रवारी मंजूर करणार हायती, आन् तुम्ही इथं चहा पीत बसलाय!"

बाहेर दाखल्याला आलेली दहा माणसं दारात गोळा झाली. भाऊसाहेब घाम पुसत म्हणाला, "काकू, त्यांचे साहेब कोण?"

"हैदराबादला असतात."

"आपली जमीन हैदराबादवरून बघतात?"

"तेच तर मी विचारतीय!"

त्यानं हात जोडले. तरी मी वहीच्या कागदावर तक्रार लिहूनच दिली. 'पाहुण्याचे डिव्हाइस आमच्या जागेत लिहीत आहे, ते त्वरित बंद करावे.' खाली पुऱ्या नावानं सही: सुमन ज्ञानदेव शेलार. घेताना बिचाऱ्याचे हात थरथरत होते. मला वाटलं भीतीनं. आता कळतंय, हसू दाबत होता.

गुरुवारी नणंदेला फोन लावला.

"वन्सं, आप्पांना म्हणावं ते डिव्हाइस घेऊन उद्या सकाळी हजर व्हा."

"कसलं डिव्हाइस, वहिनी?"

"त्यांना बरोबर म्हाईत हाय!"

"वहिनी, तब्येत बरी हाय ना?"

"माझी बरी हाय. एकराची न्हाई!" आन् फोन ठेवला.

शुक्रवार उजाडला. आप्पा नदीवरचा पूल ओलांडून, मोटरसायकलवरून, नऊ वाजताच दारात. तोंड पार पडलेलं. खुर्चीत टेकले, पाणीसुद्धा घेईनात. म्हणाले, "वहिनी, तीस वर्षांत तुमच्या दाराला मी कधी वाकडं पाऊल लावलं न्हाई. झालंय काय ते तोंडावर सांगा."

तेवढ्यात मधल्या खोलीतून साहेबाचा आवाज आला. हिंदीत. लॅपटॉपवर मीटिंग चालू होती. मला 'पल्लवी' तेवढं ऐकू आलं, आन् मागून 'गलती'.

गलती? माझ्या सुनंची गलती?

आता मी थांबते होय! आप्पांच्या खिशातला मोबाईल ओढला आन् सरळ आत. पल्लवीच्या शेजारी उभी राहून त्या काचेतल्या साहेबाला बोट दाखवून चालू केलं, "ओ साहेब! इकडं बघा! पोरगी चार दिवस सांगतीय ते कळत न्हाई का तुमाला? पाहुणा गेला की आधी त्याचं मॅपिंग पुसायचं, मंग जागा मोकळी करायची! आधी जागा दुसऱ्याला दिली, तर पाहुणा उद्या त्याच्या वावरात नांगर घालणार! येवढं आमच्या म्हशीला कळतं! ती हरकत मंजूर करा! आत्ताच्या आत्ता! लेखी द्या!"

काचेत सहा तोंडं होती, सहाही उघडी.

साहेबांनी हळूच विचारलं, "पल्लवी, ये मॅडम कौन-सी टीम से हैं?"

"सर, मेरी सास हैं।"

"ये क्या कह रही हैं?"

दौंडची मैत्रीण पण त्या काचेत होती. तिनं हसू आवरत सगळं हिंदीत सांगितलं. साहेबांनी ऐकलं आन् चक्क हात जोडले. "माताजी, यही तो मैं बोल रहा था. गलती हमारी थी. पल्लवी सही है. उसकी आपत्ति कल शाम को ही मान ली."

म्हणजे? काल संध्याकाळीच हरकत मंजूर झालेली! आन् साहेब बिचारा सगळ्यांसमोर माझ्या सुनंची माफी मागत होता, आन् मी त्याची अक्कल म्हशीच्या खाली नेऊन ठेवली होती!

पण मी हार मानणारी बाई नव्हे. म्हणलं, "मंग सातबारा द्या!"

"सातबारा क्या होता है?"

"आन् हे डिव्हाइस जप्त करा!" म्हणून आप्पांचा मोबाईल काचेला लावला.

पल्लवीनं मोबाईल हातात घेतला. बघितला. मग तिनं लॅपटॉप बंद केला, खाली बसली आन् हसायला लागली. इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला. मोबाईलवर आमच्या एकराचा नकाशा होता खरा. भोवती हिरवी रेघ. आन् खाली आकडा: चार हजार दोनशे बारा पावलं.

आप्पा दारातून म्हणाले, "साखर वाढलीय, वहिनी. डॉक्टरनी रोज चालायला सांगितलंय. रस्त्यावर ट्रॅक्टर अंगावर येतात, म्हणून बांधावरनं चालत व्हतो."

मी त्यांना चार दिवस तीन-तीन चमचे साखर घालून चहा पाजला होता, ते एक बाजूलाच राहिलं.

मग पल्लवी लॅपटॉप घेऊन पडवीत आली आन् मला समोर बसवून तिनं सगळं सांगितलं. एक मोठा कॉम्प्युटर असतो. त्याच्या पोटात दहा-बारा खोटे कॉम्प्युटर राहतात. हे त्याचे पाहुणे, तो त्यांचा मालक. कधी एखाद्या पाहुण्याला मालक एखादं यंत्र थेट हातात देतो, मधे स्वतः पडत नाही. ते यंत्र मेमरीच्या कुठल्या पानावर लिहील, त्याचा नकाशा म्हणजे मॅपिंग. पाहुणा नीट बंद झाला, तर सगळं रांगेत होतं. पण तो सुरू होता होताच अडखळून पडला, तर त्या नव्या बदलात दोन ओळी उलट्या होत्या. आधी पान मोकळं, मग नकाशा पुसायचा. मधे पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ. तेवढ्यात ते पान दुसऱ्याला मिळालं, तर त्याच्या पानावर ह्याचं यंत्र लिहून मोकळं!

"आन् हे तुला वाचून कळलं?"

"वाचून शंका आली. साहेबांना पटेना. मग काल दिवसभर पाहुण्याला मुद्दाम पाडत बसले, आत्या. पाड, उठव. पाड, उठव. शेवटी एकदा सापडलं."

मी तिच्याकडं बघतच राहिले. डोळ्याला दिसत नाही असल्या फटीत पोरीनं बोट घातलं, आन् सहा मोठ्या माणसांना खाली बघायला लावलं. आवाज न चढवता! मला हे या जन्मी जमलेलं नाही. तिची दृष्ट काढली मी तिथंच, मीठ-मोहरीनं, आप्पांच्या देखत.

तवर मालक गोठ्यातून आले. सगळं ऐकून घेतलं. मिशीतल्या मिशीत हसत पल्लवीला म्हणाले, "त्या उलट्या ओळी लिहिल्या कुणी, ते कळतं का गं?"

"कळतं की, मामा. एक आज्ञा दिली, की प्रत्येक ओळीपुढं ती लिहिणाराचं नाव येतं. तिला ब्लेम म्हणतात."

"मंग आपल्या घरातल्या ह्या चार दिवसांवर लाव की ब्लेम!"

"जाऊ द्या ना, मामा."

"जाऊ द्या कशाला?" मी म्हणलं. मला वाटलं, येणार तर तलाठ्याचं येईल, न्हाईतर ह्यांचं. "लाव! माझ्या बापाला न्हाई भीत मी. जे नाव येईल ते येईल!"

पल्लवीनं ओठ चावला. "आत्या, पाडव्याला मला कोण म्हणालं होतं, की घरात इंग्रजी फाडू नको? होस्ट कशाला, मालक म्हण? गेस्ट कशाला, पाहुणा म्हण? आणि पॅच म्हणजे जुन्या लिहिलेल्यात केलेला बदल, असं सांगितलं तेव्हा, 'मग फेरफार म्हण की, तुझी जीभ झडती का?' हे कोण म्हणालं होतं?"

मी पदर नीट केला.

तिनं लॅपटॉप उघडला, दोन बोटं चालवली आन् तो आप्पांच्या पुढ्यात सरकवला. आप्पांनी खिशातून चष्मा काढला, धोतराला पुसला, नाकावर ठेवला आन् भर पडवीत, एकेक अक्षर लावत, मोठ्यानं वाचलं:

"सुमन… ज्ञानदेव… शेलार."