सदरा न काढणारा नवरदेव

आमचे हे आजही पोरांसमोर सदरा काढत नाहीत. उन्हाळ्यात अंगाची लाही झाली तरी नाही. त्याचं कारण इतकी वर्षं मी एकटीच जाणत होते. आता "लिही बिनधास्त" म्हणालेत, म्हणून लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळात मन्मथ, म्हणजे हेच, औशाकडच्या एका खेड्यात चुलत्याकडे वाढत होते. आईबाप नव्हते. चुलता बैलगाडीवर पिंपं बांधून लांबून पाणी आणायचा. उपाशी बैल वाटेत बसला की त्याला तुतारी टोचायचा. तुतारी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. हे पोर बैलाच्या अंगावर आडवं पडायचं. मग तोच खिळा पोराच्या पाठीत. त्या माणसाचं नाव मी इथं लिहिणार नाही, तेवढीही त्याची लायकी नाही.

पुढं हे पळून लातूरला आले, एका आडतीवर झाडलोट करत शिकले. लातूर जिल्हा झाला त्या सुमारास जनावरांच्या दवाखान्यात शिपाई म्हणून लागले. तुतारी घेऊन आत येणाऱ्याशी असे भांडायचे, की डॉक्टरलाही हसू यायचं. सरकारी नोकरी बघून माझे वडील ईश्वरप्पा भुलले आणि मुखेडला आमच्या दारात मांडव पडला.

दोघांना एकाच मांडवात हळद लागायची होती. हे पाटावर बसले ते सदऱ्यासकट. बायका म्हणाल्या, सदरा काढा. ह्यांनी सदऱ्याच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावल्या. माझी आत्या पार्वतीबाई ओरडली, "कोड हाय ह्याला! झाकून राहिलाय!"

झालं. मांडवभर कुजबुज सुरू. वडिलांचा चेहरा उतरला. "सदरा काढा, न्हाई तर लगीन मोडलं," म्हणाले. हे उठले आणि चपला शोधू लागले. लग्न मोडलं तरी चालेल, पण हा माणूस पाठ दाखवणार नाही, हे मला कळलं आणि माझं डोकंच फिरलं. हळदीच्या हातांनी मी तशीच उठले.

"मी बघते. नांदायचं मला हाय!"

नवरीनं असं बोलायचं म्हणजे काय! पण आत्यानंच गोठ्याचं दार उघडलं आणि आमच्याकडं पाठ करून उभी राहिली.

आत ह्यांनी "कुणाला सांगू नको" म्हणत सदरा वर केला. पाठभर बारीक गोल वण. मला काही विचारावं लागलं नाही. दावणीच्या आमच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर तसेच होते, माझ्याच बापानं केलेले. रडू आलं, रागही आला. ती घरची तुतारी मी पुढं चुलीत घातली, कुणालाही न विचारता.

हाताला हळद होतीच, ती त्यांच्या पाठीवर चोळली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळून "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात. हे हळूच म्हणाले, "आवतन दे की." दोघंही हसलो. इतकं मोकळं वाटलं की काय सांगू.

बाहेर वडील उभेच होते.

"कोड हाय?"

"न्हाई, आप्पा."

"मग काय हाय?"

"ते आमच्या दोघांचं हाय."

तेवढं वडिलांना पुरलं. ह्यांचा हात धरून त्यांनी स्वतः ह्यांना पाटावर बसवलं आणि बायकांना म्हणाले, "हातापायाला लावा हळद. जावयाच्या सदऱ्याला कुणी हात लावायचा न्हाई."